लॉस्ट इन द अँडीज (१९४९) : कोंबड्या पाळलेल्या माणसाचं कॉमिक

पुस्तक आलं त्या दिवशी मी शेडमध्ये होते, हाताला भुसा लागलेला, आणि पुण्याचा भाचा दारातूनच ओरडला, "मावशी, तुह्यासाठी कोंबड्यायचं पुस्तक आणलं!" मला वाटलं कुक्कुटपालनाचं असेल, लसीचा तक्ता, खाद्याचं प्रमाण वगैरे. हात धुऊन उघडलं तर आत डोनाल्ड डक. पहिल्यांदा वाटलं पोरगं गंमत करून रायलं माझी, पण त्यानं पान काढून दाखवलं, त्यात डोनाल्डच्या हातात एक अंडं होतं आणि ते अंडं चौकोनी होतं. चौकोनी म्हणजे अगदी फाशासारखं. मी तिथंच पोत्यावर बसले आणि संध्याकाळचं खाद्य टाकायला उशीर झाला.

तर हे त्या पुस्तकाबद्दल. आधी सांगून टाकते, नाव "लॉस्ट इन द अँडीज", लिहिणारा आणि काढणारा एकच माणूस, कार्ल बार्क्स. मूळ गोष्ट एप्रिल १९४९ ची, अमेरिकेत डेल कंपनीची "फोर कलर" नावाची कॉमिक्सची मालिका होती, त्यातला २२३ वा अंक, किंमत १० सेंट, गोष्ट ३२ पानांची. दुसरं महायुद्ध संपून चार वर्षं झाली होती तेव्हाची. तो मूळ अंक आता जमवणाऱ्यांकडेच असतो, आपल्यासारख्याला फँटाग्राफिक्स नावाच्या अमेरिकन प्रकाशकानं २०११ साली काढलेलं पक्क्या बांधणीचं पुस्तक मिळतं, माझ्याकडं तेच आहे, त्यात ही गोष्ट पहिली नि मग त्याच एक-दीड वर्षातल्या आणखी गोष्टी आहेत.

डोनाल्ड आम्हाला नवा नाही. आम्ही लहान होतो तेव्हा दूरदर्शनवर रविवारी डक टेल्स लागायचं हिंदीत, अख्ख्या गल्लीत एका घरी टीव्ही, तिथं ओसरीपर्यंत पोट्टे बसलेले. पण ते वेगळं. तिथल्या पैशाच्या डोंगरावर पोहणाऱ्या अंकल स्क्रूजला जन्माला घातलं ते याच बार्क्सनं १९४७ मध्ये, हे मला आत्ता चाळिशीत कळलं.

गोष्ट अशी. डोनाल्ड एका म्युझियममध्ये झाडूवाला, तोही साधा नाही, चौथा मदतनीस झाडूवाला, म्हणजे सगळ्यात खालचा. त्याला पेरू देशातून आणलेले जुने चौकोनी दगड पुसायचं काम देतात. पुसता पुसता त्याच्या हातून एक पडतो, फुटतो, आणि कळतं की हे दगड नाहीतच, ही अंडी आहेत. मग काय, शास्त्रज्ञ गोळा होतात, असली अंडी देणारी कोंबडी शोधून आणायची ठरते आणि जहाज निघतं पेरूला. डोनाल्ड आणि त्याचे तीन भाचे, ह्युई, ड्युई, लुई, हेही सोबत, अर्थातच सगळ्यात खालच्या कामाला.

मी इथं थांबून सांगते की चौकोनी अंडं ही कल्पना ज्याला सुचली त्यानं अंडी नुसती खाल्लेली नाहीत, वाहिलेली आहेत. आमच्या बचत गटाची अंडी आम्ही परतवाड्याला नेतो, तीसचा एक ट्रे, सात ट्रेचा एक बॉक्स म्हणजे २१० अंडी, आणि रस्ता असा की पावसाळ्यात एका बॉक्समागं चार-पाच तरी तडकतातच. ट्रेमध्ये अंड्याइतकीच रिकामी जागा असते, आपण हवा वाहतो गाडीभाड्यानं. अंडी विटांसारखी रचता आली असती तर त्याच ऑटोत किती जास्त बसली असती हा हिशोब मी पान उलटायच्या आधीच मनात करून टाकला होता. दुसरं म्हणजे, अंड्याला आकार येतो तो टरफल चढायच्या आधी, आतल्या पापुद्र्यावर, मग त्यावर टरफल चढायला वीसेक तास लागतात, आणि ती गोलाई असते म्हणून तर खुडूक कोंबडी एकवीस दिवस वर बसते तरी खालचं अंडं फुटत नाही, दाब चारही बाजूंनी वाटला जातो. चौकोनी अंड्याची सपाट बाजू एवढा भार घेणार नाही, टरफल लय जाड पाहिजे. आणि कॉमिकमध्ये काय आहे, तर इतकी वर्षं म्युझियममधले लोक त्याला दगडच समजत होते! मला फार बरं वाटलं ते. जमतं सगळं.

मग पुस्तकाच्या मागं लेख आहेत ते वाचले आणि उलगडलं. हा बार्क्स १९०१ साली ओरेगॉन राज्यात शेतकऱ्याच्या घरी जन्मला, आठवीपर्यंत शाळा, मग शेतीपासून रेल्वेचे डबे दुरुस्त करण्यापर्यंत काय काय कामं केली, १९३५ ला डिस्नेच्या स्टुडिओत लागला, आणि १९४२ ला ती नोकरी सोडून कॅलिफोर्नियात सॅन हसिंतो नावाच्या गावी गेला. कशासाठी? कोंबड्या पाळायला! कॉमिक्सचं काम जोडीला धरलं होतं आणि मग तेच मुख्य झालं. मी हे वाचून आमच्या ह्यांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, "म्हनूनच त्याची कोंबडी कोंबडीसारखी दिसते." खरंच आहे ते. चौकोनी कोंबडी काढलीय पण मान वळवून एका डोळ्यानं बघायची जी ढब असते ना, ती सोडली नाही त्यानं. शहरात बसून कोंबडी काढणारे तिला पोपटासारखी तरी काढतात नाहीतर बदकासारखी.

आणि एक गोष्ट मनाला लागली. त्या सगळ्या कॉमिक्सवर त्याचं नाव कधी छापलंच नाही. वर फक्त वॉल्ट डिस्ने. वाचणाऱ्या पोरांना एवढंच कळायचं की काही गोष्टी बाकीच्यांपेक्षा चांगल्या असतात, तर ते त्याला "चांगला बदकवाला" म्हणायचे, नाव माहीत नाही म्हणून. १९६० च्या आसपास वाचकांनी शोधून काढलं तेव्हा कुठं त्याला चाहत्यांची पत्रं यायला लागली. म्हणजे जवळपास सतरा-अठरा वर्षं माणूस दर महिन्याला गोष्टी काढून देत होता आणि वाचणाऱ्याला त्याचा पत्ता नाही. आमच्या गटात बायका पहाटे पाचला उठून शेड साफ करतात आणि बाजारात ती अंडी "परतवाड्याची" म्हणून विकली जातात. मी ते लेख वाचताना दोनदा पुस्तक मिटून ठेवलं.

म्हणूनच ह्या गोष्टीतला जहाजावरचा ऑम्लेटचा प्रसंग मला सगळ्यात जास्त आवडला, साहसाच्या भागापेक्षाही. मोठ्या साहेबाला ऑम्लेट खावंसं वाटतं. तो खालच्याला सांगतो, तो त्याच्या खालच्याला, तो आणखी खालच्याला, असं करत करत हुकूम डोनाल्डकडं येतो आणि डोनाल्डच्याही खाली कोण, तर तीन भाचे. काम शेवटी पोट्ट्यांनी करायचं. आणि ती पोरं ज्या अंड्यांचं ऑम्लेट करतात ती म्हणजे... समजलं असंल. सगळे साहेब आजारी पडतात एका रांगेत. आणि पेरूला उतरल्यावर चालता-फिरता माणूस उरतो कोण, तर तो चौथा मदतनीस झाडूवाला. आता सगळी मोहीम त्याच्यावर. दोन-तीन पानांत एवढं सगळं बसवलंय आणि कुठं घाई वाटत नाही. एका पानावर साधारण आठ चौकटी, चार ओळी, दोन-दोन, सगळीकडं तशाच, म्हणून डोळा सरळ चालत जातो. लहान पोरांना हे बरं पडतं, आजकालच्या काही कॉमिक्समध्ये चौकटी अशा तुटलेल्या असतात की कुठून कुठं वाचायचं तेच कळत नाही.

पेरूमधला भाग. डोनाल्ड गावोगाव चौकोनी अंडी विचारत फिरतो, लोक हसतात, मग काही जण नकली चौकोनी अंडी करून विकायला आणतात. मग एक म्हातारा शिकारी भेटतो, त्याला जुनी आठवण माहीत असते, की फार वर्षांपूर्वी कोणी एक गोरा माणूस धुक्यातून अर्धमेला बाहेर आला होता आणि त्याच्याजवळ असली अंडी होती. आणि हे चौघं त्या धुक्यात शिरतात.

ती धुक्याची पानं बघाच. आम्ही चिखलदऱ्याच्या पायथ्याचे लोक, श्रावणात घाट चढताना समोरची एसटी दिसत नाही, फक्त हॉर्न येतो, बाजूला दरी आहे हे माहीत असतं म्हणून माणूस आतल्या बाजूनं चालतो. बार्क्सनं ते धुकं काढताना काहीच काढलेलं नाही, पांढरं-राखाडी सोडून दिलंय आणि त्यात चार छोटी बदकं. आणि हा माणूस पेरूला कधी गेलेलाच नव्हता! नॅशनल जिओग्राफिक मासिकाचे अंक घेऊन बसायचा आणि त्यातले फोटो बघून डोंगर, दगडी भिंती, लोकांचे पोशाख काढायचा. अमेरिकेच्या बाहेर पहिल्यांदा गेला तो १९९४ साली, वय ९३, तेही युरोपात. इंका लोकांचं बांधकाम आपल्या हेमाडपंती देवळांसारखं, चुन्याशिवाय दगडात दगड बसवलेला, आणि त्याच्या चित्रात त्या भिंतीतला प्रत्येक दगड नीट बसलेला दिसतो, नुसत्या आडव्या-उभ्या रेघा मारून सोडलेलं नाही.

धुक्याच्या पलीकडं एक दरी, तिथलं गाव सगळं चौकोनी. घरं चौकोनी, माणसं चौकोनी, कोंबड्याही चौकोनी, आणि जेवायला अंडी, दुसरं काही नाही, अंड्याचंच सगळं. आणि हे लोक बोलतात अमेरिकेच्या दक्षिण भागातली खेड्यातली इंग्रजी! कारण तो जो गोरा माणूस कधीकाळी येऊन गेला तो तिकडचा प्रोफेसर होता, त्याच्याकडून हे बोलायला शिकले आणि त्याचीच बोली पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवली. गावाचं नावही त्याच्याच तोंडचं, प्लेन ऑफुल, म्हणजे अगदीच वाईट.

इथं मला अडचण आली. आमच्या घरी संध्याकाळी गल्लीतले सात-आठ पोट्टे जमतात, मी डी.एड. केलेलं, नोकरी लागली नाही पण पोरांना वाचून दाखवायची सवय राहिली. मी इंग्रजी बघून मराठीत सांगत होते. शास्त्रज्ञ पुस्तकी मराठीत बोलले, डोनाल्ड आपल्यासारखा. आता हे दरीतले लोक कसे बोलणार? दोन मिनिटं विचार केला आणि मग त्यांना सरळ आपली वऱ्हाडी दिली. "काहो बाप्पा, कुठून येऊन रायले तुम्ही? बसा ना, अंडं खा!" पोट्टे असे हसले असे हसले की शेजारची म्हातारी बघायला आली काय झालं म्हणून. कारण त्यांना एका क्षणात कळलं ना, पार दक्षिण अमेरिकेत, धुक्यातल्या दरीत, कोणी माणूस भेटावा आणि तो अचलपूरच्या बाजारातल्यासारखा बोलावा! गावाचं नाव आम्ही ठेवलं "निरं बेक्कार". पाचवीतली एक पोरगी म्हणाली, "काकू, म्हनजे तो मास्तर आपल्याकडचा असन." बार्क्सला जे करायचं होतं ते नेमकं तिथं पोचलं. ज्यांनी मराठीत कॉमिक्स आणायची मनावर घेतलीय त्यांनी हे जरूर करावं, बोलीचं बोलीतच आणा, सगळ्यांच्या तोंडी एकच छापील मराठी घालून मजा घालवू नका.

त्या गावात एकच कायदा कडक, गोल काही करायचं नाही. आणि भाच्यांच्या तोंडात बबलगम. फुगा फुगला गोल. झालं, जन्मभर दगड फोडायची शिक्षा. सुटायचं असेल तर चौकोनी फुगा फुगवून दाखवा. तो कसा फुगवतात ते सांगत नाही, वाचा. आमच्याकडं तो भाग झाल्यावर दोन दिवस सगळी गल्ली बबलगम चघळत होती. शेवटी डोनाल्ड आणि पोरं त्या लोकांना स्क्वेअर डान्स शिकवतात, चार जोड्या चौकोनात उभ्या राहून करायचा अमेरिकन खेड्यातला नाच, गोल नाही म्हणून कायद्यात बसतो. मी दंडार म्हणून सांगितलं, पूर्ण जुळत नाही पण पोरांना चित्र उभं राहिलं.

आता ज्याला शेवट ऐकायचा नसेल त्यानं हा परिच्छेद सोडा. एवढा जीव धोक्यात घालून ते दोन चौकोनी कोंबड्या घेऊन घरी येतात. सगळं जग वाट बघून रायलेलं. आणि कळतं की दोन्ही कोंबडे आहेत. संपलं. अंडं नाही, पिल्लू नाही, काही नाही. पोट्टे हसले पण मी आणि माझी जाऊ एकमेकीकडं बघत राहिलो. तीन वर्षांपूर्वी आम्ही गटाच्या पैशातून दोनशे पिल्लं घेतली होती, देणाऱ्यानं छातीठोक सांगितलं सगळ्या माद्या आहेत, ताई, डोळे झाकून न्या. एक दिवसाच्या पिल्लाला बघून नर-मादी ओळखणं आपल्याला काय जमणार, ते शिकलेल्या माणसाचं काम आहे. सहा-सात आठवड्यांनी तुरे लाल व्हायला लागले, एकाला, दहाला, पन्नासला. एका पहाटे शेडमधून जी आरवायला सुरुवात झाली, एक थांबला की दुसरा, तेव्हा आम्ही मोजले, १३१ कोंबडे. अंड्यांच्या हिशोबावर कर्जाचा हप्ता बांधलेला होता. मटणवाल्याला विकून खाद्याचे पैसे निघाले फक्त. त्यामुळं ह्या गोष्टीतली शेवटची पानं माझ्यासाठी नुसती गंमत नाहीत, ती चौकट काढणाऱ्याला माहीत होतं की पाळणाऱ्याचा सगळा खेळ एका तुऱ्यावर फिरतो. ह्याच गोष्टीचा पुढचा भाग चाळीस वर्षांनी, १९८९ ला, डॉन रोसा नावाच्या दुसऱ्या चित्रकारानं केलाय, तो मिळाला तर वाचायचाय मला.

खटकलेलं पण सांगते. पेरूमधल्या गावातले लोक आधी येड्यासारखे हसणारे आणि मग फसवणारे असेच दाखवलेत, साधा सरळ माणूस म्हणून तो म्हातारा शिकारी काय तो एक. आम्हालाही शहरातले लोक कधीकधी असंच बघतात म्हणून ते लगेच टोचलं. दरीतल्या लोकांना भोळे दाखवलंय, पण त्यांच्याबद्दल बार्क्सला माया आहे हे कळतं, हसवतो पण हिणवत नाही. ह्याच पुस्तकात पुढं "वूडू हूडू" नावाची गोष्ट आहे तिच्यात मात्र आफ्रिकेतल्या लोकांची चित्रं फार वाईट काढलीत, ओठ-डोळे नको तसे, त्या काळी अमेरिकेत सर्रास काढायचे तशी. ती मी पोरांना दाखवली नाही, आधी मोठ्यांनी वाचावी आणि मग ठरवावं.

भाषा सोपी नाही. सगळी अक्षरं मोठ्या लिपीत, कॅपिटलमध्ये, कॉमिक्सला तसंच असतं, आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतली पोरं ती एकेक करून वाचतात, आणि दरीतल्या लोकांचं इंग्रजी तर उच्चाराप्रमाणं मोडून लिहिलेलं, ते मलाच तीनदा वाचावं लागलं. शाळकरी पोरानं एकट्यानं वाचायचं पुस्तक हे नाही, कोणीतरी सोबत बसायला पाहिजे.

पुस्तक म्हणून वस्तू चांगली. कागद जाड, चकाकत नाही त्यामुळं बल्बच्या उजेडात डोळ्यावर येत नाही, रंग सपाट आणि जुन्या धाटणीचे ठेवलेत, बांधणी शिवलेली वाटते, आठ पोट्ट्यांच्या हाताखालून गेलं तरी पान सुटलं नाही. वरच्या एका कोपऱ्याला पार्सलमध्येच दणका बसलेला, पाठवणाऱ्यानं नुसत्या प्लास्टिकच्या पिशवीत टाकून दिलं होतं, एवढ्या महाग वस्तूला पुठ्ठा तरी लावायचा. किंमत भाच्यानं सांगितली नाही, मी मोबाईलवर बघितली तर लेयर खाद्याचं, म्हणजे अंड्यांवरच्या कोंबड्यांच्या खाद्याचं, एक पोतं सहज येईल एवढी. आमच्यासारख्यानं एकट्यानं घ्यावं असं मी म्हणणार नाही. पण गावात वाचनालय असेल, शाळेत पुस्तकांना निधी आला असेल, नाहीतर चार घरं मिळून घेत असाल तर हेच घ्या, पक्क्या बांधणीचंच, आणि जुन्या मूळ अंकाच्या मागं लागू नका, तो काचेत ठेवायची वस्तू झालाय, आणि हे पोरांच्या हातात द्यायचं पुस्तक आहे.

सध्या ते माझ्याकडं नाही. ती पाचवीतली पोरगी घेऊन गेलीय, धुक्याचं पान वहीत काढायचंय म्हणाली, आणि दोन चौकोनी कोंबडी काढणार आहे, एक नर, एक मादी. शनिवारी परत आणते म्हणाली.